बैठकीतला अदब

पुणे-नाशिक रस्त्याने नारायणगाव, मंचर, राजगुरुनगर मागे टाकून चाकणला उतरले की कारखान्यांच्या पाट्यांवर अनेक देश भेटतात. त्यांत जपानही आहे. ब्रिजस्टोनचा टायरचा कारखाना तिथे २०१३ साली सुरू झाला. जुन्नर-आंबेगावची मुले आय.टी.आय. करून या पट्ट्यात कामाला जातात. त्यांत आमच्या मोहल्ल्यांतली, उर्दू शाळेत शिकलेली मुलेही असतात.

आम्ही त्या उर्दू शाळेत शिकवणारी माणसे. दर जूनमध्ये कुणी ना कुणी पालक दाखला काढायला येतात आणि विचारतात, "उर्दू पढ के नौकरी कां मिलती?" या प्रश्नाला आमच्याकडे पुरते उत्तर नव्हते. उत्तराचा एक धागा आमच्याच एका माजी विद्यार्थ्याने दिला. जपानी कंपनीला सुटे भाग पुरवणाऱ्या एका कारखान्यात तो काम करतो. जपानी पाहुण्यांबरोबर बैठका असतात म्हणून त्याने पुण्यात जपानी भाषेचा वर्ग लावला. सुट्टीत आला तेव्हा म्हणाला, "ये तो अपनाच अदब है."

त्याने सांगितले ते असे. जपानी बैठकीची सुरुवात नावाच्या कार्डाने होते. त्याला ते 'मेइशी' म्हणतात. कार्ड दोन्ही हातांनी द्यायचे, अक्षरे घेणाऱ्याकडे वळवून. घेणाऱ्यानेही दोन्ही हातांनी घ्यायचे, वाचायचे, मग समोर मेजावर ठेवायचे. खिशात कोंबायचे नाही, त्यावर काही खरडायचेही नाही. आम्हांला आमच्या घरातले बुजुर्ग आठवले. अक्षर असलेला कागद पायाखाली दिसला तर ते उचलून उंच जागी ठेवत. जुन्नर तर कागदी कारागिरांचे गाव. पेशवाईत जुन्नरी कागद नावाजलेला होता. कागदाचा मान इथे कुणाला शिकवावा लागत नसे.

बसण्याचीही रीत आहे. दारापासून सर्वांत लांबची जागा मानाची, ती 'कामिझा'. दाराजवळची 'शिमोझा', ती यजमानांतल्या धाकट्याची. आमच्या बैठकीत बुजुर्गांना आत, तक्क्याशी बसवतात आणि पोरे उंबऱ्याजवळ पाण्याचे पेले घेऊन उभी असतात, तेच हे.

खरी गंमत भाषेत आहे. उर्दूत आपण स्वतः बोलतो तेव्हा 'अर्ज़ करतो', समोरचा बोलतो तेव्हा तो 'फ़रमावतो'. आपण 'हाज़िर' होतो, तो 'तशरीफ़' आणतो. आपले घर 'ग़रीबख़ाना', त्याचे 'दौलतख़ाना'. जपानीतही क्रियापदांच्या अशा जोड्या आहेत. बोलण्यासाठी आपल्या बाजूने 'मोसु', समोरच्यासाठी 'ओश्शारु'. येण्याजाण्यासाठी आपल्या बाजूने 'माइरु', समोरच्यासाठी 'इराश्शारु'. वर्गातली इतर मुले हे तक्ते पाठ करत होती. आमच्या मुलाला कळ माहीत होती, फक्त शब्द नवे होते.

फरकही आहे. आपण पाहुण्यांसमोर म्हणतो, "हमारे सदर साहब तशरीफ़ ला रहे हैं." जपानी माणूस बाहेरच्यांसमोर स्वतःच्या साहेबासाठीही नम्र क्रियापद वापरतो आणि नावापुढचे 'सान' गाळतो. साहेब कितीही मोठा असला तरी पाहुण्यापुढे तो आपल्याच बाजूचा.

जपानी 'हाय' हे आपल्या 'जी'सारखे आहे. ऐकतो आहे, एवढाच पुष्कळदा त्याचा अर्थ. कबूल आहे असा नव्हे. 'विचार करू' असे जपानी माणूस म्हणाला तर अनेकदा तो नकार असतो. "देखेंगे, इन्शाअल्लाह" म्हणून हात मागे घेणारे आपल्याकडेही काही कमी नाहीत. निर्णयाआधी एकेकाला गाठून मन वळवण्याला 'नेमावाशी' म्हणतात. मूळ अर्थ झाड हलवण्याआधी मुळांभोवतीची माती मोकळी करणे. आपल्याकडे रिश्ता असाच ठरतो. मामू-खालूंचे बोलणे आधी होते, मंगनीच्या दिवशी फक्त जाहीर होते.

मग उणे कुठे आहे? वेळेत. जपानी माणूस दहाच्या बैठकीला दहाच्या आधी दारात असतो. समोरच्याची वेळ वाया घालवणे हीच त्याला मोठी बेअदबी वाटते. आमच्या जमातीच्या, शाळा समितीच्या सभा मग़रिबनंतर ठरतात आणि इशाची अज़ान होईपर्यंत लोक जमत असतात. दिवसातून पाच वेळा घड्याळ पाहणाऱ्या समाजाला हे शोभत नाही. शब्दांचा अदब आम्ही जपला, वेळेचा सोडून दिला.

म्हणून पालकांना आता आम्ही असे सांगतो. नुसत्या उर्दूने नोकरी मिळणार नाही; गणित, इंग्रजी, मराठी आणि हातातले कसब लागेलच. पण उर्दूने मुलाला समोरच्याला वर ठेवून बोलायला शिकवले आहे आणि त्या बोलण्यात लाचारी नाही. निर्धारित कौशल्याच्या कामगारांसाठी भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. तिकडची दारे उघडत आहेत. त्या दारातून आत जाताना आपल्या मुलाने आपली शाळा सांगायला लाजू नये, एवढी तरी जबाबदारी आपण सगळ्यांनी मिळून घ्यायला हवी.

यंदा आमच्या सातवीच्या वर्गात आम्ही 'अर्ज़' आणि 'फ़रमाना' शिकवताना फळ्यावर शेजारी 'मोसु' आणि 'ओश्शारु' लिहिले. मुलांनी ते वहीत उतरवून घेतले आणि मागच्या बाकावरून एकीने विचारले, "वां लड़कियों को भी लेते क्या?" आम्ही म्हणालो, "घेतात."