स्वग्राम

सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात स्वग्रामाचा एक रकाना असतो. १९५६ साली केंद्र सरकारने रजा-प्रवासाची सवलत सुरू केली, तेव्हापासून या रकान्याला विशेष महत्त्व आले. कारण भाडे मिळते ते तिथे लिहिलेल्या गावापर्यंतचे. बदल्या कितीही होवोत, स्वग्राम मात्र साऱ्या नोकरीत फार तर एकदाच बदलता येते. बिऱ्हाडे, वरिष्ठ आणि प्रसंगी मतेही बदलणाऱ्या माणसाकडून सरकारने एवढ्या एकाच बाबतीत स्थैर्याची अपेक्षा करावी, याची मला नेहमीच गंमत वाटत आली आहे.

मी त्या रकान्यात राजापूर तालुक्यातील एका खेड्याचे नाव लिहिले. आपणांपैकी पुष्कळांनी असेच एखादे नाव लिहिले असेल. ते लिहिताना हात थांबत नाही. पण पुढे कधीतरी त्या नावाचा अर्थ काय, असा प्रश्न कोणीतरी आपल्याला विचारतो, आणि मग मात्र लेखणी अडखळते.

आमचे खेडे डोंगराच्या कुशीत आहे. माझे आजोबा मुंबईहून आगबोटीने जैतापूरला उतरत. बोट बाहेर उभी राही आणि उतारू पडावातून किनाऱ्याला येत. पुढे खाडी, आणि खाडीनंतर पायांखालची वाट. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे मुंबईही बंद. आता आगबोटी इतिहासजमा झाल्या. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली आणि मुंबईकरांचे अंतर तुटले. बंगळुरूहून मात्र मला अजून उलट्या बाजूनेच जावे लागते. हुबळी, बेळगाव करीत रातोरात कोल्हापूर गाठायचे, आणि तिथून अणुस्कुऱ्याच्या घाटाने खाली उतरायचे. वर पठाराची कोरडी हवा असते. दोन-चार वळणे उतरताच ती ओली व जड होते, आणि आपण कोकणात आलो हे डोळ्यांच्या आधी नाकाला कळते. पुढे गाडीरस्ता संपतो. साकव ओलांडून दोन्ही बाजूंच्या गडग्यांमधली पाखाडी चढली, की जांभ्या चिऱ्याचे घर दिसते. त्यावरची कौले मात्र कर्नाटकातली. १८६५ साली बासल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे मंगलोरी कौलांनी सारी किनारपट्टी शाकारली. तेव्हा माझ्या घराच्या डोक्यावर कर्नाटकाचे छप्पर माझ्या बदलीच्या कितीतरी आधीपासून होते.

आता इस्टेटीविषयी. आमच्या भागातली खोती १९४९च्या कायद्याने गेली. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणाऱ्या कुळांना जमिनीचे मालक मानले, आणि आमची भातखाचरे ज्यांनी पिढ्यान् पिढ्या चिखल तुडवून लावली होती त्यांची झाली. ते योग्यच झाले. उरले ते घर, खळे, विहीर, चार हापूस, दोन फणस. सारे मिळून ३२ गुंठे. सातबाऱ्यावर नावे इतकी, की एखाद्या लहान शाळेची हजेरी भासावी. माझा हिस्सा चोविसावा. म्हणजे सव्वा गुंठ्याहून किंचित अधिक. तो नेमका कुठे आहे, हे कोणीही सांगू शकणार नाही. कदाचित विहिरीत असेल, कदाचित फणसाच्या वरच्या फांदीवर.

त्या घरात आज एकच माणूस राहते. ती माझ्या थोरल्या चुलतभावाची पत्नी. वहिनी पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. मुलगा मुंबईत नोकरीला आहे. त्या तिकडे जातात आणि महिनाभरात परततात. देवांपुढचा दिवा, पावसाआधी फिरवून घ्यायची कौले, गणपतीत येणाऱ्या चाळीस पानांचा स्वयंपाक, हे सर्व त्यांच्यावर. गेल्या वर्षी एका भावाने गिऱ्हाईक आणले. भाव चांगला होता; सर्वांच्या सह्या तेवढ्या हव्या होत्या. मी वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही सगळे शिकलेले. कागद काय तो तुम्ही वाचा. मला एवढंच सांगा, विहिरीचा रहाट मोडलाय, तो आता दुरुस्त करू का नको?"

या प्रश्नाला कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात उत्तर नाही.

त्याच सुमारास इंडोनेशियातील मिनांगकाबाऊ लोकांविषयी माझ्या वाचनात आले. पश्चिम सुमात्राच्या डोंगराळ मुलखात म्हशीच्या शिंगांसारख्या वर वळलेल्या छपरांची त्यांची कुलघरे असतात. हे लोक मुसलमान. परंतु वडिलार्जित घर आणि शेत आईकडून मुलीकडे जाते. पुरुषांनी तरुणपणी गाव सोडून परमुलखात पोट भरावे, ही तिथे मोठी जुनी रीत आहे. तिला ते 'मरंताऊ' म्हणतात. आपल्यासारखेच बदलीवरचे लोक! स्वकमाईचे काय करावे ते ज्याचे त्याने पाहावे. पण पूर्वजांचे ते विकू नये. गहाण टाकायचे तेही चारच प्रसंगी : घरात प्रेत पडले असून अंत्यविधीला पैसा नाही, उपवर मुलीचे लग्न अडले आहे, कुलघराचे छप्पर गळते आहे, किंवा कुळाच्या प्रमुखाची रिकामी गादी पुन्हा भरायची आहे. आज तिथेही हे सारे जसेच्या तसे उरले आहे असे नाही. परंतु त्या रीतीमागचा विचार मला अगदी सरळ वाटला : जे घर सोडून जातात त्यांनी परत यावे, पण घर कोणाचे, हे जे राहतात त्यांच्यावरून ठरावे.

आमच्या चोवीस हिस्सेदारांत त्या चारांपैकी एकही अडचण कोणाला नव्हती. छप्पर गळत होते, हे खरे. पण ते शाकारण्यासाठी घर विकणे म्हणजे ताप उतरावा म्हणून रोग्यालाच निरोप देणे.

व्यवहारी माणूस म्हणेल, जमिनी विकल्याच जातात. ज्या शहरात बसून मी हे लिहितो आहे, तेही विकले गेलेले आहे. १६३८ साली विजापूरकरांनी बंगळूर जिंकले व ते शहाजीराजांना जहागीर मिळाले. पुढे ते एकोजीराजांकडे आले. १६८७ मध्ये मोगलांनी घेतले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना देऊन टाकले. शहराचे त्याने काही बिघडले नाही, कारण शहर तिथे राहणाऱ्यांचे होते आणि ते तिथेच राहिले. आमच्या घराचे तसे नव्हते. ते विकले असते तर त्यात राहणारे माणूसच उठले असते.

शेवटी मी सहीच केली, पण निराळ्या कागदावर. माझा सव्वा गुंठा वहिनींच्या नावे हक्कसोड करून दिला. उद्या त्यांचा मुलगा घर विकीलही. तो त्याचा प्रश्न. चोवीसांपैकी आम्ही सातजणांनी असे केले, आणि तेवढ्याने विक्री अडली. इतर भाऊ काही दिवस बोलत नव्हते. अजूनही दोघे बोलत नाहीत.

माझ्या बहिणीचाही त्यात हिस्सा होता. १९५६च्या कायद्याने मुलींना वडिलांच्या वाट्यात वारस केले. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि पुढे २००५ साली साऱ्या देशाने त्यांना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलग्यांच्या बरोबरीने बसवले. एवढ्या वर्षांनी मिळालेले तिने सोडावे, असे सांगण्याचा मला अधिकार नव्हता, म्हणून मी सांगितले नाही. तिने आपण होऊनच सही केली, पण एक अट घालून : वर्षातून आठ दिवस त्या घरी माहेरपणाला जाता आले पाहिजे. अशी अट हक्कसोडपत्रात घालता येणार नाही, असे वकील म्हणाले. तेव्हा आम्ही ती वहिनींना तोंडीच कळवली.

"माजघरालगतची खोली कायम झाडलेलीच असते," त्या म्हणाल्या. "आणि तिला सांगा, रहाट दुरुस्त केलाय."