कबनूरच्या हौदातले गप्पी मासे

मैत्रिणींनो, कापड घ्यायला इचलकरंजीला तुमच्यापैकी पुष्कळजणी जात असतील. त्या शहराला अगदी चिकटून कबनूर आहे. गाव कुठे संपले आणि शहर कुठे लागले, नवख्या माणसाला कळत नाही. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला. आज कबनूरच्या बोळाबोळांतही मागांची खटखट चालू असते. माझ्या नणंदेचे घर अशाच एका बोळात आहे. पहिल्या रात्री त्या आवाजाने झोप लागत नाही, आणि चौथ्या दिवशी आवाज थांबला की जाग येते!

गेल्या पौषात गेले, तर परसातल्या हौदावर पाचटाची रजई पांघरलेली. मी विचारले, “वन्सं, हौदाला थंडी वाजते का?”

“हौदाला नव्हे, माशांस्नी,” त्या म्हणाल्या. “मागल्या साली थंडीनं सगळे मेले बघा वैनी. पंधरा दिवसांत पाण्यात अळ्या. धाकट्याला डेंगी झाला, आठ दिवस दवाखान्यात काढले. आता मीच लक्ष ठेवतो.” (कोल्हापूरकडच्या बायका ‘ठेवतो’च म्हणतात, हसू नका.)

नळाला रोज पाणी नाही, म्हणून साठवण आली. डेंगीचा डास अंडी घालतो तो अशा स्वच्छ, साठवलेल्या पाण्यातच. त्यासाठी हौदात गप्पी मासे सोडतात. हे मूळचे दक्षिण अमेरिकेकडचे. १८६६ साली रॉबर्ट गप्पी यांनी ते त्रिनिदाद बेटावरून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला पाठवले, म्हणून हे नाव. उबेच्या देशातला जीव तो! पाणी बावीस ते अठ्ठावीस अंशांचे असले की खूश. पंधराच्या खाली गेले की सुस्तावतो, अळ्या खात नाही, आणि गारठा टिकला तर मरतो. आपल्याकडे पौषातल्या पहाटे हवा तेवढी उतरतेच.

तुम्ही म्हणाल, बंबातले गरम पाणी ओतावे. वन्संनीही आधी तेच केले. पण हिशेब बघा. पाचशे लिटरचा हौद पाच अंशांनी तापवायला उकळते पाणी तीसेक लिटर, म्हणजे मोठे दोन हंडे लागतात. एवढे जळण रोज कोण घालणार? शिवाय ओतल्या जागी असलेले मासे भाजतात ते वेगळेच. शेजारच्या सायझिंगमधून वाफाळते पाणी वाहते, त्याचाही मोह पडतो. पण त्यात सुताला लावायची खळ आणि औषधे असतात. त्या वाटेला मुळीच जाऊ नका.

खरी युक्ती अशी, की दिवसाचे ऊन रात्री चोरीला जाऊ द्यायचे नाही. हौदाची ऊब मुख्यतः वरून, वाफेवाटे जाते. वन्संनी बांबूच्या चौकटीवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून झाकण केले आहे. दिवसा ऊन आत शिरते. दिवेलागणीला त्यावर जुने पोते आणि पाचटाचा थर. कडेनेही पाचटाच्या पेंढ्या बांधल्या आहेत. गळिताच्या दिवसांत उसाच्या या मुलखात पाचटाला काय तोटा? एका कोपऱ्यात चार बोटांची फट मात्र ठेवायची, माशांना हवा लागते. फटीवर मच्छरदाणीचा तुकडा हवा, नाहीतर डास तिथूनच आत! सकाळी ऊन आले की पोते काढायला विसरू नका. तसेच राहिले तर हौद दिवसभर गारच.

दुसरी गोष्ट तर फुकटची. आडाचे पाणी थंडीत कोमट लागते, हे पहाटे घागर ओढणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे. खोल जमिनीला वरचा गारठा पोचत नाही ना! वन्सं रोज सकाळी हौदातले चार घागरी पाणी काढून झाडांना घालतात आणि आडाचे चार घागरी हळूहळू ओततात. आड नसेल तर हापशाचे चालेल. नळाचे ताजे पाणी एकदम भरू नका, त्यातल्या क्लोरीनने मासे मरतात. गारठ्यात वरून खाणेही घालू नये. न पचता पाणी मात्र नासते.

मी होते त्या आठवड्यात एकही मासा तरंगला नाही. रोज सकाळी धाकटा पोते उचलून आधी मासे मोजायचा आणि मगच चहा प्यायचा. गप्पी अंडी न घालता थेट पिलेच देतात, त्यामुळे त्याचा आकडा रोज चुकायचा.

निघताना वन्संनी बरणीत दहा गप्पी दिले. “घरातल्या हौदातच सोडा, ओढ्यात-नदीत नको. तिथल्या माशांची पिलं खातील,” असे बजावले. एस.टी.त बरणी पदराखाली धरून बसले होते. शेजारच्या बाईने विचारले, “लोणचं काय वो?”