अ‍ॅप्रनचा हरवलेला ‘न’

क्रिकेटमधला अंपायर आणि स्वयंपाकघरातला अ‍ॅप्रन यांचं दुखणं एकच. दोघांचाही ‘न’ पळवला गेलाय! इंग्रजीत पूर्वी अंपायरला ‘नंपायर’सारखं काहीतरी म्हणत आणि अ‍ॅप्रनला ‘नॅप्रन’. आता ‘अ नॅप्रन’ असं भराभर म्हणून बघा बरं! ‘अ‍ॅन अ‍ॅप्रन’ असंच ऐकू येतं ना? बोलता बोलता तो ‘न’ मागच्या ‘अ’ला जाऊन चिकटला, तो चिकटलाच. शब्द मूळचा फ्रेंच. ‘नॅप’ म्हणजे मेजावरचं कापड. नॅपकिन हा त्याच घराण्यातला; त्याने मात्र आपला ‘न’ घट्ट धरून ठेवलाय.

विमानतळावर विमानं उभी राहतात, सामान चढतं-उतरतं, ती फरसबंद जागा म्हणजे अ‍ॅप्रन. रंगमंचाचा पडद्यापुढे उरलेला भाग, तोही अ‍ॅप्रन. धरणाच्या सांडव्याखाली पाण्याच्या माऱ्याने नदीचा तळ उखडू नये म्हणून काँक्रीटची लादी घालतात, तिलाही इंजिनिअर मंडळी अ‍ॅप्रनच म्हणतात. आणि आपल्याकडे डॉक्टर होणाऱ्या मुलामुलींचा पांढरा कोटसुद्धा अ‍ॅप्रन!

माझ्या ताईचा तसला अ‍ॅप्रन आईच्या पदरमोडीतून आला. आई पोळी-भाजीचे डबे करायची. तिचा पदर म्हणजे सांडशी, हातपुसणं आणि गाठ मारली की पैशांचं पाकीटही. तुम्ही म्हणाल, मग तिला अ‍ॅप्रन हवाच कशाला? सांगतो. एकदा स्टोव्हवर वाकली असताना तिच्या नायलॉनच्या साडीचा पदर पेटला. सुती कापडही पेटतं, पण नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटून बसतं. ताईने बादलीभर पाणी ओतलं म्हणून निभावलं. तरी दंडावरचा डाग राहिला तो राहिलाच.

पुढच्याच आठवड्यात ताईने जुन्या सुती चादरीचा, चांगला गुडघ्यापर्यंतचा अ‍ॅप्रन शिवला. पदर खोचायचा आणि वरून हा बांधायचा, अशी सक्तीच केली.

“अगं, मी काय हाटेलातली आचारी आहे का?” आई कुरकुरली. पण बांधला हो!

ताईने त्याला दोन खिसेही लावले होते. एकात सांडशी राहायची. दुसरा रिकामाच. सुटे पैसे आई अजूनही पदराच्या गाठीतच बांधते.