दख्खनची राणी, १ जून १९३०: एका प्रतिकृतीची उलटतपासणी

आजच्या धाग्याचा नायक वीतभर लांबीचा आहे. १:८७ या प्रमाणात घडवलेले विजेचे इंजिन, त्यामागे सात डबे. सगळी गाडी मांडली की जेमतेम दोन मीटर. खोक्यावर लिहिले आहे, ‘दख्खनची राणी, १ जून १९३०’. इंजिनाच्या अंगावर भिंगाखाली वाचता येईल अशी पाटी आहे, ‘सर रॉजर लम्ले’. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

लम्ले हे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. त्यांची कारकीर्द १९३७ ते १९४३. गाडी सुरू झाली तेव्हा त्या पदावर सर फ्रेडरिक साइक्स होते. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने (यापुढे जीआयपी) आपल्या इंजिनांना गव्हर्नरांची नावे दिली. सात वर्षांनी येणाऱ्या गव्हर्नराचे नाव १९३० सालच्या इंजिनावर कोरणे मात्र कोणत्याही कंपनीला जमले नसते. ताम्रपटातील राजाचे नाव आणि शकवर्ष जुळेना झाले की आपण जे करतो, तेच येथे करावयाचे. पाटी खरी असेल तर तारीख खोटी.

चूक झाली कशी, याचा उलगडा सोपा आहे. या नावाचे मूळ इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलेले आहे. छायाचित्रे त्याची मिळतात, मापे त्याची मिळतात. म्हणून प्रतिकृतीही त्याचीच होते. जे टिकले ते सगळ्या काळाचे प्रतिनिधी होऊन बसते. हा दोष केवळ छंदिष्टांचा नाही, आम्हा इतिहासाच्या विद्यार्थ्यांचाही आहे.

प्रतिकृती माझ्या आतेभावाची. पुण्यात नोकरी करताना रात्री जागून त्याने ती जोडली आणि सुट्टीत अमडापूरला आणून ‘आता परीक्षण लिही’ असे फर्मावले. तेव्हा आधी गुण सांगते. या इंजिनाची चाके दोन्ही टोकांना सारखी नसतात. प्रत्येक बाजूस मधली तीन चाके मोठी, ओढणारी. एका टोकाला दोन लहान चाके, दुसऱ्या टोकाला एकच. हा तिरपागडा तोल दादाने अचूक पकडला आहे. रंगही अभ्यासपूर्वक निवडला आहे. आरंभी या गाडीचे सात-सात डब्यांचे दोन संच होते. एक रुपेरी, त्यावर किरमिजी पट्ट्या, आणि दुसरा गडद निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमधून आले, वरचा देह मात्र जीआयपीच्या माटुंगा कारखान्यात घडला. दादाने रुपेरी संच घेतला आहे आणि पट्ट्या हाताने ओढल्या आहेत. एके ठिकाणी हात थरथरला आहे. मला ती जागा फार आवडली.

दोष रुळांत आहे. भारतीय रुंद मार्ग १६७६ मिलिमीटरचा. १:८७ने भागल्यास सुमारे १९.३ मिलिमीटर. बाजारात मिळणारा तयार रूळ १६.५ मिलिमीटरचा, म्हणजे युरोपातील १४३५ मिलिमीटरच्या मार्गाचे लघुरूप. त्यामुळे समोरून पाहिले की राणी अंग चोरून उभी असल्यासारखी वाटते. हौशी लोक याकडे काणाडोळा करतात. मला करवत नाही, कारण ती रुंदी हा ब्रिटिश राजवटीने घेतलेला एक निर्णय होता.

आता वेगाविषयी. मुंबई ते पुणे १९२ किलोमीटर, वेळ पावणेतीन तास. सरासरी ताशी सत्तरच्या आसपास. १९३३ साली बर्लिन आणि हॅम्बुर्गदरम्यान धावू लागलेल्या डिझेल गाडीची सरासरी ताशी १२० किलोमीटरहून अधिक होती. मग आपल्या राणीचे कौतुक कशाचे? बोरघाटाचे. सपाट प्रदेशातील ती जर्मन गाडी १ : ३७ चढाच्या घाटात आणून सोडली असती, तर तुलना न्याय्य ठरली असती. १८६३ साली घाटातून पहिला मार्ग निघाला तेव्हा मध्येच गाडी थांबवून, इंजिन दुसऱ्या टोकाला लावून उलट दिशेने चढावे लागे. १९२९ साली नवी वाट काढून ते स्थानक टाळले गेले, त्याच वर्षी पुण्यापर्यंत विजेच्या तारा पोहोचल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात ही गाडी शक्य झाली. धूर मात्र नाहीसा झाला नव्हता. रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळा येथे स्वतःचे वीजघर बांधले, तेथे कोळसा जळत होता.

हे सगळे मी घरात मोठ्या तोऱ्यात समजावून सांगत असताना आबा खाटेवरून उठून टेबलाजवळ आले. सातही डबे त्यांनी एकेक करून न्याहाळले आणि विचारले, “याच्यात थर्डाचा डबा कोन्ता व्हय?”

नव्हताच. आरंभी पहिला वर्ग आणि दुसरा वर्ग, एवढेच. तिसरा वर्ग या गाडीला जोडला गेला जून १९५५ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी. आबांच्या पिढीने रेल्वे पाहिली ती थर्डाच्या दारातून, तीही खामगावला जाऊन. चिखली–खामगाव रस्त्यावरील आमच्या अमडापुरात रूळ कधी आलेच नाहीत. जालना–खामगाव मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे आणि अजून मागणीच आहे. जलंबहून खामगावला फाटा आला १८७० साली, उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले, कारण वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदरात न्यावयाचा होता. गाठोड्यांसाठी इतक्या लवकर रूळ टाकणाऱ्या राजवटीत पुण्याच्या शर्यतींना जाणाऱ्यांसाठी रुपेरी डबे घडले, याचे नवल वाटू नये.

खोक्यावरच्या तारखेकडे पुन्हा वळते. त्या १ जूनच्या मागेपुढे काय चालले होते? फेब्रुवारीत जीआयपीच्या कामगारांनी संप पुकारला होता, त्याच कंपनीत. एप्रिलमध्ये दांडी झाली; आमच्या वऱ्हाडात समुद्र नाही, म्हणून दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढले गेले. मे महिन्याच्या आरंभी गांधीजींना पकडले, रेल्वेने बोरिवलीपर्यंत आणले आणि तेथून मोटारीने येरवड्याला नेले. सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. महिना सरला न सरला तोच राणी निघाली. प्रतिकृतीत यातले काही दाखवता येत नाही, आणि दादाकडून तशी अपेक्षाही नाही. मात्र एखाद्या संग्रहालयाने हीच गाडी मांडली, तर शेजारच्या फलकावर त्या चार महिन्यांना चार ओळी मिळाव्यात, एवढा आग्रह मी धरीन.

दादाने निम्मे ऐकले. पाटी काढणार नाही म्हणतो, कारण ती चिकटवताना दोन रात्री गेल्या आहेत. खोक्यावरील तारीख खोडून ‘१९३७ नंतर’ असे लिहिणार आहे. रुळांचा प्रश्न पुढच्या सुट्टीवर गेला. थर्डाचा डबा जोडावयाचा तर गाडी १९५५ची करावी लागेल, हे आम्ही दोघांनी आबांना पटवून पाहिले. ते म्हणतात, “जोडून त द्या, मंग पाहू.”