आरशाचा काय दोष?

आमच्या घरातली दुर्बीण मामाने स्वतःच्या हातांनी केली आहे. १९८६ साली हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा त्याला आकाशाचं वेड लागलं आणि पुढच्या वर्षभरात त्याने आरसा घासला. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये कार्बोरंडमची पूड आणि पाणी. पूड आधी भरड, मग बारीक, मग आणखी बारीक. घासता घासता वरची चकती खोलगट होत जाते. शेवटी डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइड लावून तिला चकाकी आणायची. असा ६ इंच व्यासाचा आणि १२०० मिमी फोकल लांबीचा, म्हणजे एफ/८ आरसा तयार झाला.

मी या दुर्बिणीला कॅमेरा लावला आणि तारे कापसाच्या बोळ्यांसारखे आले. ज्यांना फोटो दाखवला त्यांचा सल्ला एकच होता, ‘जुनी झाली, विकून टाक.’ मामाने मात्र एवढंच विचारलं, “माझा आरसा बिघडलाय का गं?”

डोळ्यांच्या पडद्याच्या आजारामुळे मामाला आता आयपीसमधून अंधूक तेजोमेघ दिसत नाहीत. मोबाइलच्या स्क्रीनवर मोठं करून दाखवलं की दिसतं. म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर फोटोतूनच द्यायला हवं होतं.

आधी आकडे मांडले. पूर्ण चंद्र आकाशात साधारण १८०० आर्कसेकंद रुंद दिसतो. १५० मिमीचा चांगला आरसा ०.८ आर्कसेकंदाच्या आसपासचा तपशील वेगळा दाखवू शकतो. पण आपल्या डोक्यावरची हवा सतत हलत असते आणि लांब एक्स्पोजरमध्ये ती ताऱ्याला सहज २ ते ३ आर्कसेकंद पसरवते. माझ्या फोटोत तारे ६ आर्कसेकंदांचे होते. हवेचा वाटा वजा केला तरी बराच धूसरपणा उरत होता, आणि तो कुठून येतोय ते शोधायचं होतं.

आरशाची चाचणी सोपी आहे. एका तेजस्वी ताऱ्यावर फोकस थोडा आत आणि थोडा बाहेर न्यायचा. दोन्हीकडे एकात एक बसलेली गोल वलयं सारखीच दिसली, तर आकार बरोबर आहे. मला वलयं दिसली, पण ती किंचित तिकोनी होती. आरसा धरून ठेवणाऱ्या तीन क्लिपा काचेवर घट्ट आवळल्या होत्या, आणि काच एवढ्याने वाकते. क्लिप आणि काच यांच्यात कागद सरकेल इतपत त्या सैल केल्या. मग दोन्ही आरसे एका रेषेत आणले, म्हणजे कॉलिमेशन केलं. वलयं गोल झाली.

कॅमेऱ्याचा प्रश्न वेगळाच होता. जुन्या दुर्बिणी डोळ्याने बघण्यासाठी बांधलेल्या असतात. डीएसएलआरचा सेन्सर कॅमेऱ्याच्या आत खोल असतो, त्यामुळे फोकस तिथपर्यंत पोचतच नाही. यावर नवी दुर्बीण घ्यावी लागत नाही. मुख्य आरसा नळीत ४ सेंटिमीटर पुढे सरकवला की काम होतं. चार नवी भोकं पाडली, तेवढ्यात भागलं.

सर्वांत जास्त फरक पडला तो फोकसने. एफ/८ला फोकस चुकण्याची मुभा सुमारे ०.१७ मिमी. आमची नळी अ‍ॅल्युमिनियमची आहे. हा धातू एका मीटरमागे दर अंशाला २३ मायक्रॉन आकसतो. रात्री तापमान १० अंशांनी उतरलं, तर दोन आरशांमधलं मीटरभर अंतर ०.२३ मिमीने कमी होतं. म्हणजे नऊ वाजता अचूक लावलेला फोकस दोन वाजता कुणीही हात न लावता गेलेला असतो. बाख्तिनोव्ह मास्क हा त्यावर स्वस्त उपाय. पुठ्ठ्यावर तिरक्या चिरा कापून तो नळीच्या तोंडाशी धरायचा. ताऱ्याला तीन रेषा फुटतात, आणि मधली रेषा बरोबर मध्यात आली की फोकस लागला. मी तासातासाला तपासते.

हवेचंही थोडंफार आपल्या हातात असतं. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो आणि ताऱ्यांची प्रतिमा त्या गरम हवेतून थरथरत येते. गच्ची सोडून गावाबाहेरच्या गवतावर दुर्बीण मांडली. जाड काचही सावकाश थंड होते, म्हणून झाकण दीड तास आधी उघडायचं आणि आरशामागे जुन्या कॉम्प्युटरचा छोटा पंखा लावायचा.

आता राहिली पृथ्वी. आकाश सेकंदाला १५ आर्कसेकंद सरकतं. माझ्या कॅमेऱ्याचा एक पिक्सेल म्हणजे ०.७४ आर्कसेकंद, म्हणजे स्थिर दुर्बिणीत तारा सेकंदाला २० पिक्सेल पळतो. मामाची लाकडी बैठक इथे उपयोगाची नव्हती. सेकंडहँड इक्वेटोरियल माउंट घेतलं. त्याचे गिअर पुढेमागे होत राहतात, म्हणून वर एक छोटी गाइड दुर्बीण बसवली. पीएचडी२ नावाचं मोफत सॉफ्टवेअर एका ताऱ्यावर नजर ठेवतं आणि तो हलला की माउंटला दुरुस्ती सांगतं. लांब नळी शिडासारखी वारा धरते, तेव्हा वाऱ्याच्या रात्री मी सरळ घरी बसते.

मग एम१३. शौरी तारकासमूहातला हा गोलाकार तारकागुच्छ आहे. लाखो तारे एकमेकांजवळ, त्यामुळे धूसरपणा लपवायला जागाच नाही. एकेक मिनिटाच्या १२० फ्रेम घेतल्या. सॉफ्टवेअरने प्रत्येक फ्रेममधल्या ताऱ्यांची जाडी मोजून दिली, सर्वांत जाड ३० मी काढून टाकल्या आणि उरलेल्या ९० एकत्र केल्या. फ्रेम जितक्या जास्त तितका खरखराट कमी, पण वर्गमुळाच्या हिशेबाने. ९० फ्रेमना साधारण साडेनऊ पट फायदा होतो.

शेवटी डीकॉन्व्होल्यूशन. तारा हा खरं तर एक बिंदू असतो. तो किती पसरला ते मोजायचं आणि तोच पसारा पूर्ण चित्रातून गणिताने उलटा फिरवायचा. रिचर्डसन आणि ल्यूसी यांनी १९७०च्या दशकात मांडलेली ही पद्धत हबलच्या सुरुवातीच्या फोटोंवरही वापरली गेली. हबलच्या २.४ मीटरच्या आरशाची कड सुमारे २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासली गेली होती. १९९३ साली अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्तीचे आरसे बसवले. मुख्य आरसा मात्र आजही तोच आहे.

हे उलटं फिरवणं मी थोडंच करते. मोबाइलमधलं एआय एका झटक्यात सगळं टोकदार करून देतं, पण गुच्छात जे तारे नाहीत तेही काढून ठेवतं. मामा विचारतोय ते त्याच्या आरशाबद्दल, आणि तिथे असं चित्र चालत नाही.

तारे आता ३ आर्कसेकंदांवर आलेत. कोपऱ्यातल्या ताऱ्यांना छोट्या शेपट्या आहेत. तो कोमा, पॅराबोला आकाराच्या कुठल्याही आरशाला असतो, मामाच्या हाताचा तो दोष नाही. लघु फोकसच्या एफ/४ दुर्बिणीत तो चौपट असता. उलट एफ/४ला पसरट तेजोमेघ पाव वेळात टिपता आले असते. तेवढी किंमत जुनी दुर्बीण घेतेच.

फोटो पाठवला त्या रात्री मामाचा फोन आला. त्याने गुच्छाचा मधला भाग मोठा करून बघितला होता.

“मध्ये सुटे सुटे दिसतायत गं.”

“हो. मामा, कोपरे कापून टाकू का?”

“नको, राहू दे. आणि आरशावरचा मुलामा उडत आलाय, पावसाळ्यात काढून दे. अ‍ॅल्युमिनियमचा नवा चढवून आणू. काच तीच ठेवायची.”