अब्बांची वेलांटी

अब्बांनी पस्तीस वर्षं साताऱ्यात कोर्टाबाहेर बसून टायपिंग केलं. खरेदीखतं, वाटणीपत्रं, प्रतिज्ञापत्रं, कुणाचा पोटगीचा अर्ज. मशीन गोदरेजचं, मराठी. वकील तोंडी सांगत जायचे आणि अब्बा कळांकडे न बघता, मधेच चहावाल्याशी दोन शब्द बोलत टाइप करायचे. लहानपणी मी आणि भाऊ त्या कागदांत चूक शोधायची पैज लावायचो. बहुतेक वेळा दोघंही हरायचो.

अम्मी गेल्यावर अब्बांनी ठरवलं, आपल्या आठवणी लिहून काढायच्या. पेन धरलं की आता बोटं थरथरतात, पण कळा दाबायला त्रास होत नाही. म्हणून मी माझा जुना लॅपटॉप सांगलीहून एसटीने सदर बझारातल्या घरी नेला. मराठी कीबोर्ड चालू करून दिला, वहीत कळांचा तक्ता काढून दिला आणि परत आले. बी.एड. झालेली बाई, तक्ता काढला की शिकवून झालं असं वाटतं.

महिन्याने गेले तर फाइलमध्ये अकरा ओळी होत्या आणि त्या अकरा ओळींत जागोजागी ठिपक्यांचे गोल. अक्षराच्या आधी ऱ्हस्व वेलांटी दाबली की संगणक तिला अशा रिकाम्या गोलावर बसवतो. ‘किती’ लिहिताना अब्बा आधी वेलांटी दाबत होते, मग क.

यात त्यांची चूक काय? रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी टाइपरायटरवर अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने ठोकायची असतात. वेलांटी डावीकडे दिसते, म्हणून आधी वेलांटी. ‘धर्म’मधला रफार म च्या डोक्यावर दिसतो, म्हणून आधी ध, म आणि मग रफार. ‘भ’ तर दोन ठोक्यांचा, आधी अर्धा भ, मग काना. संगणकात मराठीसाठी मुळात येतो तो इनस्क्रिप्ट कीबोर्ड. तो उच्चाराच्या क्रमाने चालतो. आधी क, मग वेलांटी. आधी र, त्याचा पाय मोडायचा, मग म. शिवाय कळांच्या जागाही सगळ्या वेगळ्या.

इनस्क्रिप्ट वाईट नाही, उलट फार शहाणपणाने केलेला आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये तो प्रमाण ठरवला. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. मराठीत क ज्या कळेवर, त्याच कळेवर हिंदी, कन्नड आणि तेलुगूतही. (उर्दूला या कुटुंबात जागा नाही, पण ते दुखणं वेगळं.) मी स्वतः इनस्क्रिप्टवरच लिहिते, हा लेखही. त्यामुळे माझं मत पक्कं होतं की शास्त्रशुद्ध पद्धत हीच आहे आणि अब्बांनी ती शिकावी. मी त्यांना समजावायला बसले, सहावीच्या मुलांना समजावते त्या आवाजात.

अब्बांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हाताँ सुनतेच नैं, बेटी.” आणि झाकण मिटलं.

त्यानंतर फोनवर विचारलं, “लिहिताय ना?” की कधी लाइट गेलेली असायची, कधी डोळे दुखत असायचे.

इकडे सांगलीत सहामाही आली. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, दोन्हींच्या प्रश्नपत्रिका स्वतः टाइप करते. शाळेतल्या संगणकावर लिहायचं सॉफ्टवेअर नवं टाकलं होतं आणि त्यात ओळ उजवीकडून डावीकडे न्यायचं बटण दिसेना. ते बटण नसेल तर उर्दू शब्द नीट उमटतात, पण प्रश्नाचा क्रमांक डावीकडे पळतो. ते बसवून देणाऱ्या मुलाला फोन केला. “मॅडम, ते बटण कुणी वापरत नाही, म्हणून लपवलेलं असतं. भाषेच्या सेटिंगमध्ये उर्दू जोडा, मग दिसेल.” संध्याकाळचे सात वाजले होते. कुणी म्हणजे कोण? मी वापरते. वर्गातली चाळीस मुलं त्या कागदावर लिहिणार आहेत.

हे दुखणं फक्त आमच्यासारख्यांचं आहे असंही नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हा कोपऱ्यातलं स्टार्ट बटण काढून टाकलेलं होतं. १९९५ पासून लोकांचा हात तिथे जायची सवय. जगभर ओरड झाली, तेव्हा वर्षभराने ८.१ मध्ये बटण परतलं आणि जुन्या वळणाचा मेनू यायला विंडोज १० पर्यंत, म्हणजे २०१५ पर्यंत थांबावं लागलं. लिनक्सच्या जगातही २०११ मध्ये ग्नोम ३ ने ओळखीचा डेस्कटॉप मोडला. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्ससुद्धा वैतागून दुसऱ्या डेस्कटॉपवर गेले. पण तिथे सॉफ्टवेअर खुलं असल्यामुळे काहींनी जुना ग्नोम २ उचलला, त्याला ‘माटे’ नाव दिलं आणि तो आजही चालवतात.

सॉफ्टवेअर बनवणारे म्हणतात, प्रत्येक जादा पर्याय कुणाला तरी तपासावा आणि सांभाळावा लागतो आणि नवख्या माणसाचा गोंधळही होतो. हे मला पटतं. सुरुवातीला काय दिसावं ते त्यांनी ठरवावं. पण जुनी वाट बुजवायचं कारण मला पटत नाही. उर्दूवाल्यांचं इनपेज घ्या. १९९४ चं सॉफ्टवेअर, खोडी पुष्कळ, जुन्या आवृत्त्यांच्या फाइली युनिकोडमध्ये नसल्याने त्यातला मजकूर इंटरनेटवर शोधता येत नाही. तरी त्यात कीबोर्डच्या चार-पाच मांडण्या आहेत आणि एकही पसंत नसेल तर स्वतःची बनवता येते. उर्दू छापखान्यांत ते इतकी वर्षं टिकलं, त्याला हेही एक कारण असावं.

त्या रात्री बटण सापडलं, प्रश्नपत्रिका झाली आणि मग मला अब्बांचं मिटलेलं झाकण आठवलं. मी त्या मुलावर चिडले होते आणि साताऱ्यात मी स्वतः तेच करून आले होते.

रेमिंग्टनची मांडणी देणारी साधनं मोफत मिळतात. शोधायला वीस मिनिटं लागली. ती वीस मिनिटं मी तीन महिने काढली नव्हती.

पुढच्या रविवारी साताऱ्याला गेले. साधन टाकलं, तक्त्याचं पान वहीतून फाडलं आणि काही न सांगता लॅपटॉप पुढे ठेवला. अब्बांनी आधी वेलांटी दाबली, मग क. ‘कि’ नीट उमटलं. आत साठवताना संगणक युनिकोडच्या हिशेबाने क आधी ठेवतो, वेलांटी नंतर, पण ते अब्बांना कळायची गरजच पडली नाही. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे आणि खिडकीकडे बघतच टाइप करत राहिले. मी चहा करून आणला तोवर दीड पान झालं होतं. अम्मी लग्न होऊन कराडहून आली त्या दिवशीचा पाऊस.

आता सत्तेचाळीस पानं झाली आहेत. एकच तक्रार आहे, ओळ संपत आली की घंटी वाजत नाही. दर फोनला विचारतात, “घंटी का क्या हुआ?” मी शोधते आहे.