पाटल्या आणि रेशनकार्ड

भिलाईत आजारपण म्हटलं की सेक्टर ९ चं हॉस्पिटल आठवतं. पण कायम नोकरीवाल्यांची ती सोय आम्हाला नव्हती. माझे यजमान ठेकेदाराकडे. विम्याचा हप्ता परवडेना. त्यांच्या ऑपरेशनसाठी मी पाटल्या मोडल्या. घरी निघताना शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी विचारलं, "रेशनकार्ड दाखवलं नाहीस?"

कार्ड कपाटातच होतं. पैसे नाहीत म्हणायची मला लाज वाटली होती.

छत्तीसगडमध्ये २०२० पासून सरकारी योजनेतून अंत्योदय आणि प्राधान्य कार्डावर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, इतर कार्डांवर ५० हजारांपर्यंत मोफत उपचार मिळतात, तेही योजनेतल्या रुग्णालयांतच. म्हणून मैत्रिणींनो, भरती होण्याआधीच विचारा. रोजच्या गोळ्या त्यात येत नाहीत; त्या जनऔषधी केंद्रातून स्वस्तात घ्या.

माझ्या पाटल्या गेल्या. तुमच्या राहू द्या.